बेटावरची रात्रशाळा: मोठी माणसं तीन महिन्यांत वाचायला कशी शिकली?

गोधडी

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचक होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं गाव केज तालुक्यात, बीड जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातं, पाडव्याच्या सुमारास परत येतं. म्हणजे बायका गावात सापडतात त्या उन्हाळा-पावसाळ्यातच. म्हणून जूनमध्ये आमच्या ओसरीवर संध्याकाळचा वर्ग सुरू केला. बचत गटातल्या १९ जणी आल्या, वय पंचेचाळीस ते सत्तर. पहिलीची पुस्तकं, बाराखडीचा तक्ता, पाट्या, सगळं पदरमोड करून आणलं. दुसऱ्या आठवड्यात ११ उरल्या, आता ७ येतात. एक मावशी तोंडावरच म्हणाल्या, "बाई, अ अननसाचा म्हणतीस, पर आमी अननस कवा खाल्लंय?" तिथे हसले, घरात जाऊन रडले.

आता प्रश्न. एका जुन्या दिवाळी अंकात दोन ओळी वाचल्या होत्या. अमेरिकेत दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर काळ्या लोकांनी दुकानाच्या मागच्या खोलीत मोठ्यांची शाळा काढली, मतदार यादीत नाव लागावं म्हणून, आणि दोन-तीन महिन्यांत माणसं वाचायला लागली. बेटाचं नाव तिथे दिलंच नव्हतं. मला प्रेरणा वगैरे नकोय, ती भरपूर आहे. शिकवलं कसं ते हवंय. पहिल्या दिवशी काय केलं? पुस्तक कुठलं? मास्तर कोण होता? कुणाला माहीत असेल तर जरा खुलवून लिहा.

कोरा_चहा

ताई, तुम्ही बहुतेक मिसिसिपीच्या फ्रीडम स्कूल्सबद्दल विचारताय. १९६४ चा उन्हाळा. चार्ल्स कॉब नावाच्या विद्यार्थी कार्यकर्त्यानं १९६३ च्या डिसेंबरात कल्पना मांडली आणि सहा-सात महिन्यांत चाळीसेक शाळा उभ्या राहिल्या. हजारभर मुलं येतील असा अंदाज होता, दोन हजारांच्या वर आली. चर्चच्या तळघरात, अंगणात, झाडाखाली वर्ग. उत्तरेकडून आलेली कॉलेजची पोरं शिकवायची. सरकारी शाळेत जे कुणी सांगत नव्हतं ते इथे: काळ्या लोकांचा इतिहास, हक्क, वर्तमानपत्र काढणं.

त्यातली मॅककोंब गावची गोष्ट मला फार आवडते. तिथे कार्यकर्त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. चर्चवाले घाबरले, जागा देईनात, म्हणून वर्ग बाहेर हिरवळीवर भरायचा. तेव्हा जॉइस ब्राउन नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीनं यावर कविता लिहिली. ती गावातल्या मोठ्या माणसांच्या इतकी जिव्हारी लागली की त्यांनी चर्चची दारं उघडली.

खारफुटी

चहावाले दादा, कवितेची गोष्ट खरी, पण ताई विचारतायत ते बेट मिसिसिपीत नाही हो. आणि त्या शाळा मुख्यतः मुलांच्या. ताईंची शाळा त्याच्या सात वर्षं आधीची, साउथ कॅरोलिनातली, माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. मी मूळची मालवणची, चार्ल्सटनला येऊन नऊ वर्षं झाली. बेटाचं नाव जॉन्स आयलंड.

लोक तिथे जातात ते एंजल ओक नावाचं अवाढव्य जुनं झाड बघायला. सासूबाई आल्या होत्या तेव्हा मीही त्यांना झाड दाखवायलाच नेलं, आणि परतताना गाडी रिव्हर रोडला वळवली. तिथे प्रोग्रेसिव्ह क्लबची, म्हणजे बेटावरच्या काळ्या लोकांच्या संघटनेची, १९६३ सालची इमारत आहे. आहे म्हणजे होती. १९८९ च्या ह्यूगो वादळानं तिची वाताहत केली. आम्ही गेलो तेव्हा वर छप्पर नव्हतं, आत झाडोरा माजलेला. सासूबाई म्हणाल्या, "ह्या पडक्या भिंती बघायला एवढं पेट्रोल जाळलंस?" आणि मूळ शाळा तर या भिंतीतही नव्हती. ती त्याआधीच्या जुन्या इमारतीत भरायची. हे मी त्यांना सांगितलंच नाही.

शाळा सुरू झाली ती बसमुळे. ईसॉ जेन्किन्स नावाचा बेटावरचा शेतकरी. स्वतः चौथीच्या पुढे शाळेत टिकला नव्हता, पण चार्ल्सटनच्या बाजारात भाजी घेणारे व्यापारी ग्रीक, म्हणून पठ्ठ्या कामापुरती ग्रीक शिकला. बेटावरच्या लोकांना शहरात कामाला न्यायला त्यानं बस काढली. त्या वेळी साउथ कॅरोलिनात मतदार म्हणून नाव लावायचं तर राज्यघटनेचा एखादा भाग वाचून-लिहून दाखवायचा, नाहीतर तीनशे डॉलरची मालमत्ता दाखवायची. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. पण बेटावरच्या काळ्या माणसाला शाळा मिळाली किती, आणि जमीन होती किती? जेन्किन्सनं काय केलं, घटनेतले उतारे टाइप करून बसमध्ये वाटले आणि जाता-येता लोकांकडून घोकून घ्यायला लागला. अ‍ॅलिस वाइन नावाची बाई रोज बसनं जायची. तिला अक्षरओळख जेमतेम. तिनं ऐकून ऐकून तो भाग तोंडपाठ केला आणि नाव लावूनही आली! पण आल्यावर तिचं म्हणणं, हे पाठांतर झालं, मला खरंखुरं वाचायला शिकव.

आता तुमचा प्रश्न, मास्तर कोण. इथेच खरी गंमत आहे.

टेनेसीच्या डोंगरात हायलँडर म्हणून एक शिबिर-शाळा होती, माइल्स हॉर्टननं १९३२ साली काढलेली. मोठी माणसं तिथे जमायची, आपापल्या गावचे प्रश्न मांडायची. काळे-गोरे एका पंगतीला बसत, त्या काळी त्या मुलखात ही केवढी गोष्ट. तिथे सेप्टिमा क्लार्क काम करायच्या. त्या चार्ल्सटनच्या, वडील गुलामीत जन्मलेले. १९१६ मध्ये त्यांची पहिली नोकरी याच जॉन्स आयलंडवर, कारण चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना घेतच नसत. दोन बाई आणि १३२ पोरं. समोरच गोऱ्यांची शाळा, तिथे एक बाई आणि तीन पोरं. क्लार्कबाईंना महिना ३५ डॉलर, समोरच्या बाईला ८५. पुढे चाळीस वर्षं नोकरी झाल्यावर १९५६ ला राज्यानं कायदा केला की सरकारी नोकरांनी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं सभासद राहायचं नाही. क्लार्कबाईंनी सभासदत्व लपवलं नाही. नोकरी गेली, पेन्शन गेली. पेन्शन परत मिळायला १९७६ उजाडलं.

एवढी मुरलेली शिक्षिका हाताशी असताना बेटावरच्या वर्गाला मास्तर नेमली कोण? बर्निस रॉबिन्सन. क्लार्कबाईंच्याच नात्यातली, केस करणारी आणि कपडे शिवणारी. जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. तिनंच आधी नकार दिला, मी कुठली मास्तरीण! पण नेमली ती मुद्दाम. पट्टीची शिक्षिका आली की छडी आणि "चूक!" आपोआप आलंच. शिवाय शाळेतली बाई असती तर दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली असती. केस करणाऱ्या बाईची सगळी गिऱ्हाइकं काळ्या बायका. तिची रोजी गोऱ्या मालकाच्या हातात नव्हती. हा मुद्दा लोक पटकन पुढे ढकलतात, मला मात्र तो सगळ्यात मोठा वाटतो.

जागा अशी: क्लबानं हायलँडरकडून उसने पैसे घेऊन एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. पुढे किराणा दुकान, मागे दोन खोल्या, त्यांना खिडकीच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्याला दिसणार ते दुकान. क्लार्कबाईंनी नंतर सरळच सांगितलंय की दुकान लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायलाच होतं.

७ जानेवारी १९५७, पहिली रात्र. १४ मोठी माणसं. बर्निसनं आल्या आल्या काय सांगितलं, तर मी काही शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, तुमच्याकडून मलाही शिकायला मिळेल. आणि गोधडीताई, आता नीट वाचा. तिनंसुद्धा नात्यातल्या एका शिक्षिकेकडून पहिलीच्या पोरांचं साहित्य आणलं होतं! वर्गातली माणसं बघितली आणि तिच्या लक्षात आलं की हे यांच्या हातात देणं म्हणजे यांचा अपमान. ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय?

उत्तरं आली: सही करायची. बायबल वाचायचं. परगावी गेलेल्या पोराला पत्र लिहायचं. टपालानं माल मागवायचा फॉर्म भरायचा, मनीऑर्डर लिहायची. आणि घटनेचा तो उतारा. झालं, हाच अभ्यासक्रम. सही म्हणजे काय, तर प्रत्येकाचं नाव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं आणि माणसानं ते गिरवत बसायचं, हाताला वळण लागेपर्यंत. नांगर धरून राठ झालेले हात, पेन्सिल नांगरासारखीच आवळायचे, कटाकट मोडायची. पुस्तक नव्हतं. आज शेतात काय काय केलं ते एकेकानं सांगायचं, बर्निस लिहून घ्यायची आणि तोच धडा. हिशेब बियाण्याचा, खताचा. आयांबरोबर मोठ्या मुलीही यायच्या, त्यांना ती शिवण शिकवायची. आठवड्यातून दोन रात्री, थंडीचे दोन-तीन महिने, कारण तेव्हा शेतात काम कमी. तुमच्या कोयत्याच्या हिशेबासारखंच.

एक गोष्ट मात्र तिनं न विचारता केली. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा भिंतीवर लावला आणि सांगितलं, वर्ग संपायच्या आत हे तुम्ही वाचायचं. मला आधी हे जरा नाटकी वाटलं होतं. आता वाटत नाही. मोठ्या माणसाला कमरेएवढ्या पोराचं पुस्तक देणं आणि भिंतीवर मोठ्या माणसाचा कागद लावणं, यात फरक आहेच.

जुना_मास्तर

खारफुटीताई, वाचून बरं वाटलं. पण एक खवचट प्रश्न विचारतो, कारण हात पोळलेत.

१९९० च्या पुढेमागे साक्षरता अभियानात मी वर्ग घेतलेत. जिल्ह्याचं नाव सांगत नाही. कंदील, प्रवेशिका, रात्रीच्या फेऱ्या, गाणी, सगळं केलं. आणि मूल्यमापनाच्या दिवशी आमच्याच एका वरिष्ठांनी आयांच्या जागी सातवीच्या पोरी बसवल्या, पदर डोक्यावरून घेऊन. गाव साक्षर झालं. दोन वर्षांनी त्याच गावात रेशनच्या वहीवर अंगठेच. तर तुमच्या बेटावर टिकलं का? की यादीत नाव लागलं आणि पाटी खुंटीला?

जाता जाता: रात्रशाळा आपल्याला नवी नाही. फुले दाम्पत्यानं १८५५ साली राहत्या घरी कामकऱ्यांसाठी रात्रीचा वर्ग काढला होता. आणि १८७३ ची 'गुलामगिरी' जोतीरावांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. ती अर्पणपत्रिका वर्गात वाचून दाखवली तर पोरं विचारायची, गुरुजी, तात्यांना अमेरिका कशी माहीत?

निळी_टोपी

अमेरिकेचा विषय आहे तर ब्लॅक पँथरची ओकलंडची शाळाही येऊ द्या. १९७३ ते १९८२ चालली, एरिका हगिन्स तिच्या प्रमुख होत्या. आपल्या दलित पँथरनं १९७२ ला नाव घेतलं ते त्याच पँथरवरून. लोकांना मोर्चे आठवतात, शाळा कुणाला आठवत नाही.

खारफुटी

निळी टोपी, त्यावर तुम्ही वेगळा धागा काढा, मी पहिली येते. इथे ताईंच्या ७ बायका वाट बघतायत.

मास्तर, पदर घेतलेल्या सातवीच्या पोरी डोळ्यासमोरून जाईनात. तुमच्या प्रश्नाचं मला समजलेलं उत्तर असं. त्यांची परीक्षा शाळेनं घ्यायचीच नव्हती. ती नोंदणीच्या कचेरीत, टेबलापलीकडे बसलेला गोरा कारकून घेणार, आणि त्याला हे पास व्हायला नकोच होते. तिथे दुसऱ्या कुणाला बसवून चालणार नव्हतं. मूल्यमापन शत्रूच्या हातात असलं की आकडे फुगत नाहीत!

आणि पाटी खुंटीला गेली नाही. वाडमालॉ, एडिस्टो ही शेजारची बेटं, मग नॉर्थ चार्ल्सटन, सगळीकडून मागणी आली. वर्गात शिकलेल्यांतूनच पुढचे शिकवणारे निघाले. १९६१ साली टेनेसी सरकारनं हायलँडरची सनद रद्द करून जागा ताब्यात घेतली. तोपर्यंत हा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंगच्या संघटनेकडे सोपवायचं ठरलेलं होतं. मग जॉर्जियात मॅकिंटॉश गावी डॉर्चेस्टर सेंटरमध्ये प्रशिक्षण सुरू झालं. क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग असे तिघं. दक्षिणेतल्या गावागावांतून माणसं बसनं यायची, आठवडाभर राहायची आणि परत जाऊन आपल्या स्वयंपाकघरात, पार्लरमध्ये, झाडाखाली वर्ग काढायची. पदवी बघत नसत. मोठ्यानं वाचता येतं का, फळ्यावर लिहिता येतं का, गावात शब्दाला मान आहे का, एवढंच.

किंमतही मोजली. फॅनी लू हेमर, मिसिसिपीतली कापूस वेचणारी बाई, असंच प्रशिक्षण घेऊन चार्ल्सटनहून परत जात होती. ९ जून १९६३ ला विनोना गावात पोलिसांनी सगळ्यांना पकडलं आणि कोठडीत इतकं मारलं की ती दुखणी तिला आयुष्यभर पुरली.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं या राज्यांतली वाचनाची परीक्षाच उठवली. म्हणजे ज्यासाठी वर्ग काढले ते कारणच संपलं. पण तोवर शेकडो गावांत सभा घेणारी, अर्ज लिहिणारी, कचेरीत न घाबरता उभी राहणारी माणसं तयार होती, आणि त्यातल्या किती तरी बायका. त्या बायकांचं नाव मोठ्या सभांच्या फोटोत सापडत नाही. संघटनेतल्या पुरुष मंडळींनी आपल्याला फारसं मोजलं नाही, हे क्लार्कबाईंनी नंतर बोलून दाखवलंय.

आणखी एक बघितलेलं सांगते. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संग्रहालयात जेन्किन्सच्या फोक्सवॅगन गाडीचा मागचा दरवाजा ठेवलाय. गंजलेला, रंग उडालेला. त्यावर त्यानं रंगवून घेतलेली ओळ अजून वाचता येते. अर्थ असा की प्रेम म्हणजे प्रगती आणि द्वेष महाग पडतो. भाजीवाल्याचं वाक्य! आपल्या ट्रकांमागे लिहितात ना, तसंच. मी त्याच्यासमोर उभी असताना मागून एक बाई आपल्या लहान मुलाला ते एकेक अक्षर लावून वाचायला लावत होती.

ताई, तक्ता उतरवा आणि बायकांना विचारा. काय म्हणाल्या ते मात्र इथे सांगा, नाहीतर मला झोप यायची नाही.

गोधडी

दहा दिवसांनी येतेय, माफ करा, पाऊस आणि लाइट दोन्हींनी छळलं.

तक्ता उतरवला. बर्निसबाईंचं सगळं सातही जणींना गोष्टीसारखं सांगितलं. "केस करणारी बाई मास्तरीण झाली" यावर खूप वेळ बोलणं झालं. मग विचारलं. आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाली, एसटीची पाटी. दुसरीला मोबाइलमधलं लेकीचं नाव ओळखायचंय, हिरवं बटण दाबते पण कोण आहे ते आवाज ऐकेपर्यंत कळत नाही. एकीला बँकेत सही, कारण तिथे अंगठ्याची शाई लावताना पाठीमागचे लोक बघतात.

अननसवाल्या मावशी सगळ्यात शेवटी बोलल्या. त्यांना मुकादमाची वही वाचायचीय. नवरा-बायकोच्या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली, किती फिटली, पुढच्या सालावर किती चढली, ते मुकादम सांगेल तेच. "आपल्या नावाफुडं काय लिवलंय ते आपल्याला दिसाय पायजे." ओसरीवर एकदम शांतता झाली. मग सगळ्याच म्हणाल्या, आम्हालाबी तेच.

तर आमचा पहिला धडा उचलीचा. मी वहीच्या पानासारखं पान आखलं: नाव, तारीख, रक्कम, बाकी. आकडे त्यांना मी समजत होते त्यापेक्षा खूप जास्त येतात, नोटा मोजून मोजून. परवा १० जणी होत्या. गळालेल्या तिघी परत आल्या, मी बोलवायला गेले नव्हते.

एक अडलंय. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून नावं लिहून देतेय. मावशींचं नाव रुक्मिणी. सुरुवातीलाच जोडाक्षर! 'रुकमिणी' असं सोपं करून देऊ का? मास्तर, सांगा.

जुना_मास्तर

अजिबात नको. मुकादमाच्या वहीत 'रुक्मिणी' असेल तर तिला तेच ओळखू आलं पाहिजे. अख्खं नाव चित्रासारखं गिरवू द्या, क आणि म वेगळे करून दाखवायला पुढे वेळ आहे. बोटानं आधी, मग पेन्सिलीनं. शिरोरेघ शेवटी ओढायला लावा, ती ओढताना बायका खुशीत असतात. आणि शाळेच्या पेन्सिली आणू नका, सुतार वापरतात ती जाड चपटी पेन्सिल आणा. केजच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. मोडायची कमी.